वाट्याची हाळी

आमच्या आंबेटेपावर आता कुणी मोठ्याने बोलत नाही. तशी बंदी नाही. पण बोललं की मोजलं जातं, आणि मोजतात म्हटल्यावर माणूस आपणहून ओठ मिटतो. 'निवांत' हॉटेलात उतरलेले पाहुणे लोकरीच्या चपला घालून चालतात. दारांच्या कडांना कातडं लावलंय. स्वयंपाकघरात मिक्सर नाही, स्टीलची भांडी नाहीत, डाव आणि पळ्या सगळ्या लाकडाच्या. वाढपी हाताच्या खुणांनी बोलतात. पंजा उघडला की भात, तळहातावर तळहात ठेवला की भाकरी. नवा माणूस आला की पहिला दिवसभर त्याला वाटत राहतं, या घरात कुणी गेलंय की काय.

हेच टेप, ही आमची डोंगरातली वस्ती, एके काळी हाळीवर चालायचं.

आमची घरं पूर्वीपासून लांब लांब. एक या सोंडेवर, दुसरं ओढ्यापलीकडे. गुरं वळवायची, माणसं बोलवायची, पाहुणे आल्याचं कळवायचं, सगळं हाळी देऊन. पण हाळीत नाव घ्यायचं नाही हा आमच्याकडचा रिवाज. रानात नाव सोडलं तर रान ते ठेवून घेतं, असं जुनी माणसं म्हणत. म्हणून प्रत्येक घराची हाळी वेगळी असे. शब्द नसत, नुसता सूर. कुणाची कोणती ते आम्हाला चेहऱ्यासारखं ओळखू येई.

माझी बायको ठकू घाटाखालची, मुरबाडकडची. तिने लग्नानंतरही हाळी माहेरचीच ठेवली. सुरुवात खालून, लांबलचक. मग मध्येच तुटायची, आणि जिथे संपली असं वाटावं तिथून एकदम वर चढायची. माझी आई म्हणे, "हिची हाळी पायरी चुकती." ठकू ऐकून घ्यायची. दुसऱ्या दिवशी आणखी जोरात पायरी चुकवायची.

पठारावर सोनकी फुलायला लागली की पुण्याकडची पोरं चालायला येत. त्यांना जेवण आमच्याकडे. तेव्हा हॉटेल नव्हतं, आमचं घर होतं. कुडाच्या भिंती, पुढे पडवी. पोरं वर पठारावर भटकत असायची आणि ठकू चुलीवर पिठलं ढवळायची. तांदूळ शिजला की ती अंगणातल्या खडकावर चढायची, एका हातात पातेल्याचं झाकण, दुसऱ्या हातात पळी. झाकणावर एकदा ठोका द्यायचा, टण्ण, आणि मग हाळी. ती पठारावर जाई, कड्यावर आपटून परत येई. मी हातातलं काम टाकून हात धुवायला उठे. थोड्या वेळाने उंच गवतातून पोरांची रांग उतरताना दिसायची. "पाठीवर आख्खा संसार घेऊन येत्यात आणि मीठ इसारत्यात," असं त्यांच्या तोंडावर म्हणत ती वाढायची. तीच पोरं पुढे टक्कल पडल्यावर आपल्या मुलांना घेऊन आली. जेवणापेक्षा हाळी ऐकायला आलोय, असं म्हणत.

ठकू तापाने गेली आणि त्याच्या पुढच्या वर्षी रानात कान आले.

कान म्हणजे पेरूएवढी डबी. झाडाच्या खोडावर बसवलेली, वर नखाएवढी सौरपट्टी. माझी मुलगी योगिता शहरात हॉटेलचं शिक्षण घेऊन परत आली होती. तिने मला ते समजावलं, ते असं. रान हा एक बाजार आहे, आणि त्यात प्रत्येकाने ओरडायची जागा वाटून घेतलीय. बेडूक खालच्या पट्टीत, रातकिडे अगदी वरच्या, बुलबुल त्या दोघांच्या मधल्या फटीत. कुणी सकाळी गातो, कुणी सांजेला. माणसाचा आवाज नेमका त्या फटीत जाऊन बसतो. जनरेटर चालू झाला की बेडकाला बेडकीण सापडत नाही. गाण्याची ध्वनिफीत लागली की पाखरू सावधानतेची हाक ऐकत नाही आणि ससाण्याच्या तावडीत सापडतं. हे सगळं पूर्वीही होत होतं, पण दिसत नव्हतं. कान सगळा आवाज पिंजतो, कुणाचा धागा कोणता ते वेगळं काढतो, आणि माणसांनी किती शांतता राखली त्याचा रोज एक आकडा देतो. त्याला शांतांक म्हणतात.

आधी हे जंगलखात्यापुरतं होतं. मग पाहुणेच हॉटेल निवडताना शांतांक विचारू लागले. ज्यांना निसर्गात राहायचं होतं त्यांना आता निसर्गाचं बिघडत नाही ना, हेही पाहायचं होतं. मग नियम आला की रानाला लागून असलेल्या हॉटेलाने किती खोल्या उघडायच्या, ते कान ठरवतील. आकडा घसरला की खोल्यांना कुलूप. देशभर हॉटेलं अशी गप्प होत गेली. लग्नाचे हॉल मोडले, पोहण्याचे तलाव बुजवून तिथे बेडकांची डबकी केली. आमच्या घराच्या जागी पुण्याच्या एका कंपनीने 'निवांत' बांधलं, योगिता तिथली व्यवस्थापक झाली, आणि मागच्या बाजूच्या दोन खोल्या मला राहायला मिळाल्या.

गाव मात्र उठवायचं नाही असं ठरलं होतं. म्हणून रानातल्या प्रत्येक घराला आवाजाचा वाटा मिळाला. पाटाच्या पाण्याची पाळी असते ना, तसा. घरागणिक रोज इतकं मोठ्याने बोलायची मुभा. त्यासाठी प्रत्येकाच्या आवाजाचा नमुना घेतला. माझाही घेतला. ठकूचा घ्यायला ती नव्हती. बाकीची घरं हळूहळू खालच्या रस्त्याला सरकली, कोंबड्याला कोण गप्प करणार म्हणून. रानाच्या बाजूला घर म्हणून माझ्या त्या दोन खोल्याच उरल्या. माझा वाटा मी भांडायला वापरायचो, खिडकीत येणाऱ्या माकडांशी. बाकी बोलायला होतं कोण? आणि मला ऐकायलाही कमी येऊ लागलं होतं. जवळचं माणूस ऐकू येई, रान ऐकू येत नसे. पाखरं चोच उघडताना दिसायची, बस.

मग एका वर्षी सोनकी फुलायच्या सुमाराला देवराईत नवा कान बसवला. तिथे पूर्वी नव्हता. आणि लगेच हॉटेलला त्या कानाची तक्रार आली. दुपारची वेळ. अनोळखी स्त्री, वयस्कर, उघड्यावर मोठी हाक. आधी धातूचा ठोका. योगिताने पाहुण्यांना विचारलं, स्वयंपाकघरात विचारलं. धातूचं झाकण तर हॉटेलात शोधूनही सापडलं नसतं. दुसऱ्या दिवशी परत तेच. तिसऱ्या दिवशीही.

पुण्याच्या साहेबांनी योगिताला स्पष्ट सांगितलं. त्या भागात एकच घर आहे, तुझ्या वडलांचं. कुणीतरी बाई त्यांच्याकडे येत असेल नाही तर ते मुद्दाम काही करत असतील. तक्रार शाबीत झाली तर हंगामभर हॉटेल बंद, आणि तसं होण्याआधी त्या दोन खोल्या रिकाम्या करायच्या. योगिताचा मंचरला फ्लॅट आहे, तिसऱ्या मजल्यावर. मी तिथे एकदा राहिलोय. खिडकीतून समोरची खिडकी दिसते.

तिने मला हे सांगितलं तेव्हा माझ्या डोळ्यांकडे पाहिलं नाही. मी म्हटलं, माझ्याकडे बाई येते असं कळलं तर तुझी आई वरून खाली येईल. ती हसली नाही.

चौकशीला कानांचा हिशेब ठेवणाऱ्या ध्वनिकार्यालयातून शर्वरी निमकर नावाच्या बाई आल्या. तिशीच्या असतील, पायात आमच्यासारख्याच साध्या चपला. माणसाचा आवाज कान साठवत नाहीत, नुसती नोंद ठेवून पुसून टाकतात. तो कायदाच आहे. पण तक्रार झाली की चौकशी संपेपर्यंत तेवढा तुकडा राहतो. तो त्यांनी योगिताला ऐकवला. मी पडवीत नाचणी पाखडत बसलो होतो. योगिता हॉटेलच्या मागच्या दाराने बाहेर आली ती सरळ माझ्या खोलीत शिरली. ट्रंक ओढल्याचं जमिनीतून जाणवलं. मी आत गेलो तेव्हा माझी घोंगडी, ठकूची दोन लुगडी, माझे जुने मोबाईल, सगळं खाली पडलं होतं, आणि ती एकेक मोबाईल उलटापालटा करून बघत होती.

"कुठंय आबा?"

"काय कुठंय?"

"आईचा आवाज. कशात भरून ठेवलाय?"

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही. तिने तोंड माझ्या कानाजवळ आणलं.

"देवराईत जाऊन वाजवता ना रोज? वाजवा. हॉटेल बंद पडू दे, माझी नोकरी जाऊ दे, माझं काही नाही. पण तुमच्याकडे आईचा आवाज होता आणि इतक्या वर्षांत मला एकदा ऐकवला नाहीत? मी फोटोतल्या तोंडाकडं बघून आठवायचा प्रयत्न करते आबा. येत नाही आठवायला."

आमच्याकडे ठकूचा आवाज कशातच नव्हता. फोटो पुष्कळ होते. येणारी पोरं काढायची. पण हाळी भरून घ्यावी हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. रोज दुपारी होणारी गोष्ट कोण भरून ठेवतो? मी तिला एवढंच म्हटलं की पोरी, असता तर मी तरी खाली ठेवला असता का?

मग मोबाईल खाली ठेवून तिने माझा हात धरला आणि मला हॉटेलच्या कचेरीत नेलं. शर्वरीबाईंनी माझ्या कानांत दोन बोंडं बसवली आणि आवाज वाढवला.

आधी टण्ण.

मग खालून, लांबलचक. मध्येच तुटली. पायरी चुकली, आणि वर चढली.

मी उठून उभा राहिलो होतो, हे मला योगिताने नंतर सांगितलं. मी दाराकडे निघालो होतो. कानातली वायर ताणली गेली आणि बोंडं निसटून पडली, तरी मी दारापर्यंत गेलो. हात धुवायला.

शर्वरीबाईंनी पडलेली बोंडं उचलली. मग म्हणाल्या, की हे वाजवलेलं नाही, हे त्यांना पहिल्यापासूनच वाटत होतं. यंत्रातून वाजवलेल्या आवाजाच्या कडा कापलेल्या असतात, ह्याच्या नव्हत्या. आणि हा आवाज येतो जमिनीपासून चांगला उंचावरून. बाई झाडावर चढून हाळी देत असेल तर गोष्ट वेगळी.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही तिघं देवराईत गेलो. योगिताने माझ्या खांद्यावर हात ठेवला होता, आवाज झाला की दाबणार म्हणून. बेहड्याच्या झाडाखाली बसलो. वर उन्हाचे कवडसे हलत होते. मला काही ऐकू येत नव्हतं, मी फक्त बघत होतो. मग खांद्यावरची बोटं एकदम रुतली.

फांदीवर भृंगराज बसला होता. काळाभोर, डोक्यावर तुरा, शेपटीला दोन लांब तारा आणि टोकांना पिसांचे झुपके. त्याचा गळा फुगत होता. मी त्याच्या चोचीकडे बघितलं आणि कुठे हाळी तुटली आणि कुठून चढली ते मला दिसलं.

तो पक्षी दुसऱ्यांचे आवाज उचलतो हे आम्हाला लहानपणापासून माहीत होतं. मांजर, शिक्रा, बैलाच्या गळ्यातली घुंगरं, काहीही. पण उगाच उचलत नाही, शर्वरीबाई म्हणाल्या. ज्या आवाजातून काही मिळतं तोच उचलतो. त्यांनी मला विचारलं, तुमच्या मंडळींनी हाळी दिली की काय व्हायचं? मी सांगितलं, पोरं पठारावरून उतरायची, गवतातून, रांगेनं. त्यांचा चेहरा उजळला. इतकी माणसं गवतातून चालली की नाकतोडे उडणार, टोळ उडणार, आणि भृंगराज तर उडते किडे टिपूनच जगतो. पाखराच्या दृष्टीने तो टण्ण आणि ती हाळी म्हणजे जेवणाचं बोलावणं. ते त्याने शिकून घेतलं, पिल्लांना दिलं. हा जो वर बसला होता तो त्या मानाने तरणा होता. याने ठकूला ऐकलेलं नसणार. ठकूला ऐकलं असेल याच्या बापाने, नाही तर आजाने.

"म्हणजे तो अजून माणसं बोलावतोय," योगिता म्हणाली. "आणि कुणी उतरत नाही."

आम्ही तिथेच बसून राहिलो. प्रश्न सुटला होता. पाखराचा आवाज हा रानाचा आवाज, तो तक्रारीत धरत नाहीत. शर्वरीबाईंनी तसं लिहिलं की हॉटेल सुटलं, मी सुटलो. त्यांनी अहवालाची वही उघडलीही. पण योगिताने त्यांच्या हातावर हात ठेवला.

नवा पक्षी-आवाज सापडला की तो सगळ्यांसाठी खुल्या यादीत जातो. ती यादी शास्त्रज्ञ वाचतात, आणि हॉटेलवालेही वाचतात. दक्षिणेकडच्या एका हॉटेलात कस्तूर पक्ष्याची एक वेगळी शीळ सापडली होती. पाहुण्यांना ऐकवायची म्हणून मार्गदर्शक मोबाईलवर तीच शीळ वाजवून त्याला बोलवायचे. हळू आवाजात, शांतांक न बिघडवता. पाखराला वाटायचं आपल्या जागेत दुसरा घुसलाय. ते घरटं सोडून दिवसभर त्या नसलेल्या पाखराशी भांडत राहायचं. अंडी थंड पडली, आणि मग तेही निघून गेलं.

योगिता हे सगळं जाणून होती, कारण ती त्याच धंद्यात होती. मेलेल्या बाईची हाळी देणारा पक्षी. तिची खोली, तिचं पिठलं, तिच्या हाळीची सहल. पुण्याचे साहेब हे ऐकून खुर्चीतून उठले असते. महाबळेश्वरच्या बाजूला कंपनी मोठं हॉटेल काढत होती, त्याची किल्ली कदाचित योगिताच्या हातात दिली असती. ती वर बघत होती. ठरवायचं तिनेच होतं. तिचं आयुष्य तिचं, आणि आई माझ्याइतकीच तिचीही.

"मॅडम," ती म्हणाली, "पक्षी म्हणून लिहू नका."

शर्वरीबाई म्हणाल्या, की मग तक्रार तशीच उभी राहते. यंत्र म्हणतंय बाई आहे. कोणती बाई, हे कुणीतरी सांगायला हवं. नाही तर आठवड्याच्या आत खोल्यांना कुलूप.

मला तेव्हा पाटाच्या पाण्याची आठवण झाली. आपली पाळी आपल्याला नको असली तर ती दुसऱ्याच्या शेताला सोडता येते. सांगावं लागतं एवढंच. मी शर्वरीबाईंना विचारलं, घराचा आवाजाचा वाटा घरातल्या कुणीही वापरला तरी चालतो ना?

चालतो, त्या म्हणाल्या. पण वाटा तेवढाच राहतो. रोजची ही हाळी त्यात धरली तर तो तिथेच संपेल. मग तुम्हाला घराबाहेर मोठ्याने एक शब्द बोलता यायचा नाही आजोबा. माकडांवरही नाही.

"माझं बोलून झालंय," मी म्हटलं. "तिचं राहिलं होतं."

त्या योगिताकडे बघायला लागल्या, मग वर फांदीकडे. पाखरू उडून गेलं होतं. कागद हवाच होता. आवाज कुणाचा, नाव लिहा, अशी त्यात जागा होती. मी अक्षरं उतारवयात शिकलोय, त्यामुळे मला वेळ लागतो. शिवाय तिचं नाव रानात घेतलं नव्हतं कधी. तोंडाने घेतलं नाही, लिहिलं. ठकूबाई भागा लांघी. नातं, पत्नी. त्याखाली आणखी एक रकाना होता, हल्लीचा मुक्काम. मी थांबलो. शर्वरीबाईंनी माझ्या हातून लेखणी घेतली आणि स्वतःच भरलं: देवराई, आंबेटेप.

"खोटं होत नाही ना हे?" योगिताने विचारलं.

"मी बाईची हाळी ऐकली," त्या म्हणाल्या. "यंत्रानंही तेच ऐकलं. मला दुसरं काय लिहिता येईल?"

याला आता दोन पावसाळे झाले. महाबळेश्वरचं हॉटेल दुसऱ्या कुणाला मिळालं. योगिता इथेच आहे. तिने एक बदल केला, साहेबांना सांगितलं की पायांना व्यायाम म्हणून. पाहुण्यांना ती रोज सकाळी पठारावर धाडते, आणि जेवणाच्या वेळी त्यांनी उंच गवतातल्या जुन्या वाटेने, एकामागे एक, उतरावं असं बजावते. लोकरीच्या चपला घातलेली माणसं सोनकीतून गपचूप उतरतात. त्यांच्या पायांपुढे नाकतोडे उडतात, आणि काळं पाखरू त्या किड्यांवर झेपा टाकत खाली येतं. पाहुण्यांना वाटतं ते आपल्या सोबतीला येतंय.

कुणी दबक्या आवाजात विचारतं, ही हाक कुणाची? योगिता सांगते, घरच्या बाईची. पानं वाढलीत म्हणते.

मी पडवीत बसलेला असतो. मला ऐकू येत नाही. योगिता येते आणि माझ्या खांद्यावर हात दाबते. मग मी उठतो आणि हात धुवायला जातो.